राजगुरूचा डोळा

विनोदी म्हणून नांवाजलेला माणूस गंभीर बोलूं लागला कीं आपल्याकडे श्रोते प्रथम हंसतात, मग चुळबुळतात आणि शेवटीं रागावतात. त्याचें बोलणें खोटें असतें म्हणून नव्हे. ज्यासाठीं तिकीट काढलें तें मिळालें नाहीं म्हणून. मिठाईच्या दुकानांत जावें आणि हातीं काढ्याची वाटी पडावी, तसा तो प्रकार वाटतो. अमेरिकेंतील केविन स्मिथ या दिग्दर्शकाला याचा अनुभव २०११ सालीं पुरेपूर आला. दुकानांत काम करणाऱ्या दोघा टवाळ तरुणांवर त्यानें १९९४ सालीं ‘क्लार्क्स’ नांवाचें चित्र काढलें, त्यावर त्याचें नांव झालें, आणि पुढें बहुतेक वेळ त्यानें हंसविण्याचाच उद्योग केला. अशा माणसानें एकाएकीं ‘रेड स्टेट’ हें काळेंकुट्ट चित्र लोकांपुढें ठेवलें. त्यांत एक धर्मवेडा उपदेशक आपल्या लेंकीसुनांनातवंडांसह एक पंथ चालवितो, आणि पापी ठरविलेल्या माणसांना प्रार्थनामंदिरांतच ठार करतो.

या उपदेशकाचा नमुना अमेरिकेंतच होता. कॅन्सस राज्यांतील टोपेका गांवीं फ्रेड फेल्प्स नांवाच्या पाद्र्यानें चालविलेला एक लहानसा पंथ मृत सैनिकांच्या अंत्ययात्रांपुढें जाऊन शिव्याशापांचे फलक नाचवीत असे. चित्राचा पहिला प्रयोग झाला तेव्हां त्या पंथाचीं माणसें तेथेंही फलक घेऊन हजर झालीं. आणि दिग्दर्शकानें व त्याच्या चाहत्यांनीं थट्टेचे फलक हातीं धरून त्यांना उत्तर दिलें. म्हणजे पडद्यावर त्यानें भय दाखविलें, पण रस्त्यावर त्याला हंसेंच उपयोगी पडलें. प्रेक्षकांत मात्र दोन तट पडले. या माणसानें अखेर कांहीं धारिष्ट केलें असें एक तट म्हणे. दुसऱ्याची तक्रार अशी कीं, चित्र भयकथा म्हणून सुरू होतें, मध्यें एक लांबलचक प्रवचन येतें, आणि शेवटीं तें पोलिसांच्या गोळीबाराची कथा होऊन बसतें. कोणासाठीं जीव खालींवर व्हावा तेंच कळत नाहीं. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे.

पण धर्मवेडावरचें, श्वास रोखून धरायला लावणारें असें चित्र पाहण्यासाठीं इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या पुण्यांत तें १९३४ सालींच तयार झालें होतें. ‘प्रभात’नें कोल्हापुराहून पुण्यास बस्तान हलविल्यावर तेथें तयार केलेलें पहिलें चित्र तें ‘अमृतमंथन’, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपटे यांची, आणि संगीत केशवराव भोळे यांचें. आपटे म्हटले म्हणजे जुन्या घरांत त्यांच्या कौटुंबिक कादंबऱ्या आठवतात. त्यांच्याच लेखणींतून ही रक्तानें माखलेली गोष्ट उतरली याचें आमच्या घरांतील वाचकांना मोठें नवल वाटलें. ‘प्रभात’चा प्रेक्षकही तोपर्यंत दुसऱ्याच संवयीचा होता. ‘अयोध्येचा राजा’ व ‘माया मच्छिंद्र’ या १९३२ सालच्या चित्रांना तो हात जोडून बसे. त्याच प्रेक्षकाला या चित्रानें सांगितलें कीं, हात जोडण्यापूर्वीं समोर कोण उभें आहे तें पाहून घे.

कथा अवंतीच्या राज्यांतली. राजा क्रांतिवर्मा चंडिकेच्या उत्सवांतील पशुबळी आणि नरबळी बंद करतो. राजगुरूला हा धर्मावरचा घाला वाटतो, आणि आपल्या अधिकारावरचाही; दोहोंतलें पहिलें कोणतें हें चित्र मुद्दाम सांगत नाहीं. तो यशोधर्म नांवाच्या निष्ठावंत भक्ताकडून राजाचा वध करवितो आणि काम झाल्यावर त्यालाच पकडून देतो. राजकन्या मोहिनी राणी होते, पण तिच्याभोंवतीं राजगुरूच्याच शब्दाचें कुंपण असतें. यशोधर्माचीं मुलें माधवगुप्त व सुमित्रा हीं लोकांना जागें करतात. शेवटीं राजगुरू देवीपुढें आपलेंच शिर कापून देतो.

चित्राच्या आरंभींच राजगुरूचा एक डोळा पडदाभर दिसतो. शांतारामबापू ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामानिमित्त जर्मनीस जाऊन आले होते, तेथील चित्रांतला छायाप्रकाशाचा खेळ त्यांनीं पाहिला होता, आणि दुरूनही वस्तु अगदीं जवळ ओढून घेणारें भिंग त्यांनीं येथें वापरलें. हिंदी चित्रांत तो डोळा चंद्रमोहन या नटाचा आहे, आणि त्या एका डोळ्यानें चंद्रमोहनला जन्मभराचें नांव मिळवून दिलें. मराठी चित्रांत राजगुरू झाले होते केशवराव दाते. तेच दाते १९३७ सालच्या ‘कुंकू’मध्यें तरुण मुलीशीं लग्न करून पस्तावणारे काकासाहेब झाले, आणि १९४१ सालच्या ‘शेजारी’मध्यें मिर्झाचा सख्खा शेजारी जिवबा. एकाच नटानें सात वर्षांत धर्मवेडाचा कर्ता, रूढीचा लाभार्थी व फुटीचा बळी, अशा तिन्ही भूमिका कराव्या हा योगायोग असेल. पण तीं तीन चित्रें ओळीनें पाहणाऱ्याला तो योगायोग वाटत नाहीं.

यवतमाळास आमच्या घरीं हें चित्र अलीकडेच, नवरात्राच्या दिवसांत, सर्वांनीं मिळून पाहिलें. पाहिलें तें हिंदी. भाच्यानें तें भिंतीवरच्या दूरचित्रवाणीसंचावर लावून दिलें. चुली चार असल्या तरी देवघर एकच असलेलें हें घर. तेव्हां धर्मवेडावरील चित्रानंतर सर्वांचें एकमत होईल अशी अपेक्षा कोणीच केली नव्हती, आणि तसें झालेंही नाहीं.

थोरले काका म्हणजे आमचे अण्णा. चाळीस वर्षें शाळेंत शिकविलेलें, त्यामुळें त्यांचें मत नेहमीं प्रश्नपत्रिकेसारखें येतें. ते म्हणाले, “हा राजगुरू पाहतांक्षणींच खल म्हणून ओळखूं येतो. तर मग अवंतीच्या लोकांना तो इतकीं वर्षें कां ओळखूं आला नाहीं?” त्यांच्या मतें चित्राचा दोष तोच. भिक्षुकाला राक्षस करून दाखविला कीं प्रेक्षक सुटला; आपल्या ओळखीचा भिक्षुक कांहीं असा डोळे वटारून पाहत नाहीं, म्हणजे प्रश्न आपला नव्हेच, असें म्हणून तो घरीं जातो. अण्णांना या चित्रांत पुरोहितवर्गाची अवहेलनाही दिसली, आणि ती त्यांना बोंचली. हें सांगतांना त्यांचा आवाज थोडा चढला, हेंही नमूद केलें पाहिजे.

अवहेलनेचा मुद्दा मला पटला नाहीं. पहिला मात्र पुरता पटला. भाच्यानें तेव्हांच ‘रेड स्टेट’चा दाखला दिला. त्यांतील उपदेशक मुळींच ओरडत नाहीं. तो नातवंडांशीं गोड बोलतो, गळ्यावर भजन घेतो, मायेनें हंसतो, आणि तशाच सुरांत माणूस मारण्याचें समर्थन करतो. मायकल पार्क्स या नटाचें तें काम पाहून, चित्राला नांवें ठेवणाऱ्यांनींही मान डोलावली. राजगुरूची भीति वाटते ती तो दिसतो तेवढा वेळ. त्या अमेरिकन आजोबांची वाटते ती त्यांच्यासारखा एखादा गोड बोलणारा आपण खरोखर कोठें तरी ऐकलेला असतो म्हणून. मूकचित्रांचा काळ संपून जेमतेम तीन वर्षें झालीं होतीं, आणि नटाला डोळ्यांनीं बोलण्याची संवय अजून सुटली नव्हती, ही गोष्ट मात्र ‘प्रभात’च्या बाजूनें सांगितली पाहिजे.

आत्याबाईंचें मत मला सर्वांत मोलाचें वाटलें. आमची कुलदेवता माहूरची रेणुका. पैनगंगा ओलांडली कीं तिचा गड. आत्याबाईंचे नवरात्राचे उपवास पन्नास वर्षांत चुकलेले नाहींत. त्यांना चित्र देवीविरुद्ध आहे असें मुळींच वाटलें नाहीं. त्या म्हणाल्या, “आपल्याकडे नवमीच्या होमाला कोहळा कां कापतात, ठाऊक आहे का रे कोणाला?” कोणी बोलेना. तेव्हां त्याच म्हणाल्या, “आपल्याही घरांत कधींकाळीं कोणी तरी क्रांतिवर्मा होऊन गेला असेल. त्याला कोणी मारलें नाहीं, म्हणून आज कोहळा आहे.”

शाक्तपूजेंत पशूच्या ऐवजीं कूष्मांडाचा म्हणजे कोहळ्याचा बळी देण्याची सोय फार जुनी आहे. त्याला कुंकू लावतात, त्याची पूजा करतात आणि मग एका घावांत तो दुभंगतात. आपण तो विधि इतक्या वेळां पाहिलेला असतो कीं, त्याच्यामागें एक मोठें भांडण मिटलेलें आहे हें आपल्या ध्यानांतही येत नाहीं. ज्या बदलासाठीं चित्रांतल्या राजाचा प्राण गेला, तो बदल कित्येक घराण्यांनीं रक्त न सांडतां, तंटा न करतां, स्वयंपाकघरांतील एका फळाच्या साहाय्यानें घडवून आणला. राजगुरूसारख्यांचा अभ्यास जसा व्हावा, तसा हा कोहळा प्रथम कापणाऱ्या अनाम गृहस्थाचाही व्हावयास हवा. त्यानें शास्त्र मोडलें नाहीं, देवी सोडली नाहीं, आणि बोकड मात्र सोडून दिला.

याच विषयावर विदर्भांत एका माणसानें जन्मभर काम केलें, आणि तेंही लोकांना हंसवून. शेंडगांवचे गाडगे महाराज. स्वतःच्या मुलीच्या बारशाला मद्यमांसाऐवजीं गोडाचें जेवण घालून त्यांनीं जातगंगेचा रोष ओढवून घेतला. पुढें यात्रेंयात्रेंत कीर्तनें करून त्यांनीं पशुबळीवर कोरडे ओढले. त्यांची रीत प्रश्न विचारण्याची असे. वऱ्हाडी बोलींत भोळा सवाल करावा, लोकांकडूनच उत्तर काढून घ्यावें, त्यावर सारी सभा खो खो हंसावी, आणि हंसतां हंसतां आपण कोणाला हंसलों तें उमगून जो तो गप्प व्हावा. भाचा म्हणतो त्याप्रमाणें हा खरा विनोदी दिग्दर्शक. फक्त त्याच्या हातीं यंत्राऐवजीं गाडगें होतें.

भाच्याचें एकूण मतच असें कीं, धर्मवेडाला भयापेक्षां हंसें अधिक लागतें. त्यासाठीं त्यानें आचार्य अत्र्यांचें उदाहरण दिलें. ‘साष्टांग नमस्कार’ नाटकानें १९३३ सालीं सारा महाराष्ट्र हंसविणाऱ्या अत्र्यांनीं १९३७ सालीं मास्टर विनायकांसाठीं ‘धर्मवीर’ लिहिलें; त्यांत धार्मिक ढोंगाची खिल्ली होती. पुढच्याच सालीं ‘ब्रह्मचारी’ आलें, आणि ब्रह्मचर्याच्या व्याख्यानानें भारून जाणाऱ्या औदुंबराला पाहून व्याख्यानें देणारेही हंसले असतील. मात्र याच अत्र्यांनीं पुढें दिग्दर्शक म्हणून १९५३ सालीं ‘श्यामची आई’ केली व लगोलग ‘महात्मा फुले’ घेतली. तिचा मुहूर्त जानेवारी १९५४ मध्यें डॉ. आंबेडकरांच्या हस्ते झाला, फुल्यांचें काम बाबूराव पेंढारकरांनीं केलें, आणि चित्राला राष्ट्रपतींचें रौप्यपदकही मिळालें. आमच्यासारख्या घरांतून ‘श्यामची आई’ पिढ्यान्‌पिढ्या पाहिली जाते. आया डोळे पुसतात, मुलें मुकाट बसतात. ‘महात्मा फुले’ पाहिलेलें माणूस आमच्या घरांत शोधूनही सांपडलें नाहीं. दोन्ही चित्रें एकाच माणसाचीं, एका पाठोपाठ काढलेलीं. एकांत आपण आहोंत तसें दिसावें असें आपल्याला वाटतें. दुसऱ्यांत आपल्या पणजोबांचें गणगोत शाळेंत निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण फेंकणाऱ्यांच्या बाजूला निघण्याचा संभव आहे. अण्णांना राजगुरू बोंचला त्याचें मूळही मला येथेंच दिसतें. मीं तसें बोलूनही दाखविलें. अण्णा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पान लावावयास घेतलें.

सर्वांत शेवटीं बोलल्या त्या वहिनी. राजगुरूकडे त्यांनीं फारसें लक्षच दिलें नव्हतें. त्यांचें लक्ष यशोधर्माकडे. “त्याला मुलें आहेत. देव मानणारा, शब्द पाळणारा, चारचौघांसारखा संसारी माणूस आहे. तो खून करतो तो द्वेषानें नव्हे; गुरूची आज्ञा मोडवत नाहीं म्हणून. अशीं माणसें आपल्या घरांत किती आहेत तें मोजा.” त्यांच्या मतें सारें चित्र त्याचें आहे. डोळा दाखवावयाचा तर राजगुरूचा नव्हे, यशोधर्माचा दाखवावयास हवा होता.

वहिनी कोर्टाच्या बातम्या नेमानें वाचतात, त्यामुळें पुढचें बोलणें साहजिकच निघालें. नरबळी ही अवंतीच्या राज्यांतली जुनी गोष्ट म्हणून सोडून देण्याची सोय यवतमाळ जिल्ह्यांत राहिलेली नाहीं. याच जिल्ह्यांत, घाटंजी तालुक्यांत, २०१२ सालीं एका सात वर्षांच्या मुलीचा बळी दिल्याचें प्रकरण उघडकीस आलें आणि त्याचा खटला यवतमाळच्याच न्यायालयांत चालला. ज्या रस्त्यानें आमचीं मुलें शाळेंत जातात त्याच रस्त्यावर तें न्यायालय आहे. हें आठवलें आणि घरांतील बोलणें कांहीं वेळ थांबलेंच.

त्यानंतर वर्षभराच्या आंत, २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं, डॉ. नरेंद्र दाभोलकर पुण्यांत फिरावयास निघाले असतां त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. नरबळी व अघोरी प्रथा यांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षें सरकारचे उंबरठे झिजवीत होते. त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या कांहीं दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. ना. ह. आपट्यांच्या कथेंत राजा आधीं कायदा करतो आणि मग मारला जातो. महाराष्ट्रांत माणूस आधीं मारला गेला आणि मग कायदा झाला. १० मे २०२४ रोजीं पुण्याच्या विशेष न्यायालयानें गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेपेची शिक्षा दिली व इतर तिघांना सोडून दिलें. म्हणजे यशोधर्माचे हात सांपडले. त्या हातांमागें कोण होतें, या प्रश्नाचें उत्तर त्या निकालांतून मिळालें नाहीं. नव्वद वर्षांपूर्वींच्या बोलपटांत निदान राजगुरू कोण हें प्रेक्षकाला पहिल्या क्षणापासून ठाऊक असतें.

आतां चित्राविषयीं दोन शब्द, ज्यांना तें घरीं पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं. आवाज जुना व खरखरीत आहे, संवाद नाटकी चालीचे आहेत, आणि मधला भाग रेंगाळतो. भाच्यानें तेथें चित्र पुढें पळविण्याची खटपट केली व आत्याबाईंनीं ती हाणून पाडली, हें बरें झालें. कारण त्याच भागांत सुमित्रा झालेल्या शांता आपटे यांचीं गाणीं आहेत. त्या मुलीचा आवाज ऐकतांना वाटतें, राजगुरूच्या कारस्थानाला उत्तर द्यावयाचें तर असेंच मोकळ्या गळ्यानें द्यावें. ज्योतींच्या उजेडांत भरणाऱ्या गुप्त सभेचे प्रसंग पाहतांना दिवे मालवावेत. तो अंधार फार विचारपूर्वक योजलेला आहे. लहान मुलें अर्थातच डोळ्याला भितील अशी आमची कल्पना होती. प्रत्यक्षांत आमची धाकटी पुतणी डोळ्याला मुळींच भ्याली नाहीं. गर्दी एका सुरांत ओरडूं लागली तेव्हां मात्र ती आजीच्या पदराआड गेली. दहा वर्षांखालील मुलांना चित्र दाखवूं नये असें माझें मत. वहिनींचें मत अगदीं उलट आहे.

शेवटाविषयीं घरांत अजून वाद चालू आहे. राजगुरू स्वतःचें शिर देवीला वाहतो, हें अण्णांना त्याच्या जन्मांतलें एकमेव प्रामाणिक कृत्य वाटतें: दुसऱ्याकडे मागत होता तें अखेर स्वतः दिलें, म्हणजे निदान ढोंगी तरी तो नव्हता. भाचा म्हणतो, ही दिग्दर्शकानें स्वतःची करून घेतलेली सोय आहे. राजगुरू जिवंत राहिला असता तर त्याच्यावर खटला चालवावा लागला असता, आणि खटल्याचें चित्र काढणें फार कठीण. वहिनींना असें वाटतें कीं, त्या कृत्यानें तो हुतात्मा झाला, आणि अवंतींत दुसऱ्या दिवशीं त्याच्या नांवाचें देऊळ बांधण्यास आरंभ झाला असेल. आत्याबाई इतकेंच विचारतात कीं, देवीनें तें मागितलें होतें का.